मदत हवी आहे: क्यूजीआयएसमध्ये स्वतःची चित्रं बिंदूंवर चिन्हं म्हणून कशी लावायची? (लक्ष्मी यात्रेचा नकाशा)

गावदिवा:

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव तालुक्यात, जांबोटी रोडच्या बाजूला. येत्या उन्हाळ्यात गावची महालक्ष्मी यात्रा आहे. कैक वर्षांनी भरतेय. माहेरवाशिणी, त्यांची सासरची मंडळी, पाव्हण्यांचे पाव्हणे असं सगळं गावात उतरणार. पंच कमिटीनं नकाशाचं काम आम्हा पोरांच्या गळ्यात घातलंय. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते करतोय. वेशीत ६ बाय ४ फुटांचा फ्लेक्स लावायचा आहे. त्यावर देवीच्या गदगेची (यात्रेत देवीला बसवतात त्या आसनाची) जागा, रथाचा मार्ग, पाण्याच्या टाक्या, महाप्रसादाचा मांडव, रुग्णवाहिका, शौचालयं, एसटी आणि सिटी बस कुठं थांबणार ते, आणि भातकापणी झालेल्या कुठल्या शेतांत गाड्या लावायच्या ते, एवढं सगळं दाखवायचंय. याच नकाशाची एक प्रत हेस्कॉमला (वीज कंपनीला) द्यायची आहे, रथाच्या वाटेवरच्या तारा कुठं कुठं उतरवायच्या हे दाखवून.

गल्ल्या आणि घरं ओपनस्ट्रीटमॅप या नेटवरच्या मोफत नकाशावरून घेतली, राहिलेलं मोबाईलचा जीपीएस घेऊन गावभर फिरून भरलं. सगळे बिंदू एकाच लेयरमध्ये (नकाशाच्या एका थरात) आहेत आणि ‘प्रकार’ नावाचा कॉलम आहे: रथ, पाणी, पार्किंग, बस वगैरे. इथपर्यंत काही अडलं नाही.

अडलंय ते चिन्हांपाशी. क्यूजीआयएसच्या तयार चिन्हांत विमानतळ आहे, तंबू आहे, चर्च आहे, खरं आमचा रथ काही नाही. बरं, नुसती नावं लिहायची तर मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडं लिहावी लागतात. येणारे निम्मे पाव्हणे कन्नड वाचणारे. फ्लेक्सवर मग अक्षरांशिवाय काही दिसतच नाही. म्हणून चित्रं. आमच्या गल्लीतली एक मुलगी चित्रकला शिकते, तिनं रथाचं आणि गदगेचं फार देखणं चित्र काढून दिलं. रथाच्या चाकाचे आरे, वरचा कळस, सगळं आहे त्यात. बाकीची बस, नळ वगैरे नेटवरून घेतली, काही पीएनजी (ठिपक्यांनी बनलेली), काही एसव्हीजी (रेषांनी बनलेली).

आता अडचणी सांगतो. तिची चित्रं व्हॉट्सॲपवरून आली, ती लावली की प्रत्येकाभोवती पांढरा चौकोन दिसतो. नेटवरची पीएनजी ६४ बाय ६४ पिक्सेलची आहेत, ती पडद्यावर बरी वाटतात, खरं मोठी केली की भुरकट होतात. आणि तोच प्रोजेक्ट मित्राच्या लॅपटॉपवर उघडला तर एसव्हीजी चिन्हांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! शिवाय एकेका प्रकाराला एकेक चित्र हातानं न लावता कॉलम बघून आपोआप लागलं तर पाहिजे. कुणी केलंय का असं?

नकाशावेडी:

केलंय, तालुक्याच्या विहिरींच्या नकाशासाठी. तुझ्या प्रश्नातल्या क्रमानं जात नाही, कारण पहिल्या दोन अडचणींचं मूळ एकच आहे: फाईल कुठल्या जातीची आहे.

क्यूजीआयएसमध्ये चित्र लावायच्या दोन वाटा आहेत. लेयरच्या प्रॉपर्टीज, सिम्बॉलॉजी, तिथं मार्करच्या खालच्या ‘सिंपल मार्कर’वर टिचकी मार आणि वरचा ‘सिम्बॉल लेयर टाईप’ बदल. ‘एसव्हीजी मार्कर’ ही एक वाट, ‘रास्टर इमेज मार्कर’ ही दुसरी. दुसरी ३.६ पासून आली, पीएनजी आणि जेपीजी तिच्यातून लागतात. तुझं क्यूजीआयएस त्याहून जुनं असेल तर आधी नवं घे.

पांढरा चौकोन व्हॉट्सॲपचा. फोटो म्हणून पाठवलं की तो चित्राचं जेपीजी करतो, आणि जेपीजीत पारदर्शक असं काही नसतंच. त्या मुलीला तीच चित्रं ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग, किंवा पेन ड्राईव्हवर घे. मूळ चित्राची पार्श्वभूमी पारदर्शक असेल तर चौकोन जाईल.

भुरकटपणाचा हिशोब कर. फ्लेक्सवर चिन्ह लांबून दिसायचं तर ४ सेंटिमीटर तरी हवं. ६४ पिक्सेल ४ सेंटिमीटरवर ताणलेस म्हणजे इंचाला जेमतेम ४० ठिपके. ते भुरकटच दिसणार, त्यात क्यूजीआयएसचा दोष नाही. पीएनजीच वापरायची तर ५०० पिक्सेलच्या पुढची घे. खरी सोय मात्र एसव्हीजीत आहे. कितीही मोठं कर, कड तशीच राहते आणि रंगही क्यूजीआयएसमधून बदलता येतो. बस, नळ, रुग्णवाहिका असली साधी चिन्हं सगळी एसव्हीजी ठेव. रथाच्या चित्रात रंगछटा भरपूर असतील तर तेवढं मोठं पीएनजी चालेल. सगळं एकाच जातीचं असलं पाहिजे असा काही नियम नाही.

प्रश्नचिन्हाचं सांगते. फाईल सापडली नाही की क्यूजीआयएस एसव्हीजीच्या जागी प्रश्नचिन्ह काढतं. तुझी चित्रं तुझ्या डेस्कटॉपवर किंवा डाउनलोड्समध्ये असतील, मित्राकडं तो रस्ताच नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच ‘चिन्हं’ म्हणून एक फोल्डर कर, सगळी चित्रं त्यात टाक, तिथूनच लाव, आणि प्रोजेक्ट प्रॉपर्टीजच्या ‘जनरल’मध्ये ‘सेव्ह पाथ्स’ हे ‘रिलेटिव्ह’ आहे ना बघ. मग पूर्ण फोल्डर झिप करून दे. नुसती प्रोजेक्टची फाईल देऊन भागत नाही. चित्रांच्या फाईलींची नावं इंग्रजी लहान अक्षरांत ठेव. विंडोजला लहानमोठ्या अक्षरांचा फरक पडत नाही, लिनक्सला पडतो, आणि तुमच्या पोरांत एखादा तरी उबुंटूवाला असणारच.

दुसरा उपाय म्हणजे चित्र प्रोजेक्टच्या पोटातच घालणं. फाईलच्या रस्त्याशेजारी तीन ठिपक्यांचं बटण असतं, त्याच्या बाणावर ‘एम्बेड फाईल’ मिळेल. मग फोल्डरची भानगड राहत नाही. पण त्या मुलीनं उद्या रथाचा कळस बदलून दिला तर जिथं जिथं तो लावलाय तिथं तिथं पुन्हा एम्बेड करावा लागतो. काम चालू असेपर्यंत फोल्डर ठेव, शेवटी वाटायच्या वेळी एम्बेड कर.

माळावरचा:

आपोआप चित्र लागायचं मी सांगतो. फाईलच्या रस्त्याच्या उजव्या टोकाला डेटा डिफाइन्डचं (कॉलम बघून ठरवायचं) छोटं बटण हाय बघ. त्यात एक्स्प्रेशन, म्हणजे सूत्र, लिहायचं: प्रोजेक्ट फोल्डरचं व्हेरिएबल, त्याला चिन्हांच्या फोल्डरचं नाव, मग ‘प्रकार’ कॉलम, शेवटी टिंब आणि एसव्हीजी. मधले जोड दोन उभ्या रेघांनी. कॉलममध्ये जे लिहिलंय त्या नावाची फाईल तो स्वतः उचलतो. नवा प्रकार आला तर फोल्डरमध्ये फाईल टाकली की झालं, प्रोजेक्टला हात लावायला नको. मी माझ्या कामात असंच करूलालोय.

नकाशावेडी:

युक्ती चांगली आहे, पण गावदिवा, तुझ्यासाठी नको. तुला फ्लेक्सवर चिन्हांची सूची लागणार ना? एक्स्प्रेशननं चित्र उचललंस की लेयरला चिन्ह एकच राहतं, त्यामुळे लेआउटच्या (छापायच्या पानाच्या) लेजेंडमध्ये, म्हणजे सूचीत, पण एकच ओळ येते. ‘कॅटेगराइज्ड’ घे, ‘प्रकार’ कॉलमवर, म्हणजे प्रत्येक प्रकाराची सूचीत आपली ओळ येईल.

हातानं एकेक लावायचं नसेल तर प्रत्येक चिन्ह स्टाईल मॅनेजरमध्ये (क्यूजीआयएसच्या चिन्हांच्या साठ्यात) सेव्ह कर आणि त्याला कॉलममधलंच नाव दे, तंतोतंत. मग कॅटेगराइज्डच्या खाली ‘ॲडव्हान्स्ड’ बटणात ‘मॅच टू सेव्ह्ड सिम्बॉल्स’ आहे. एका टिचकीत सगळी लागतात. एखादं लागलं नाही तर कॉलम नीट बघ, ‘पाणी’च्या पुढं कुणीतरी स्पेस मारलेली असते. दोन वेगवेगळ्या पोरांनी माहिती भरली असेल तर हमखास.

जुना_मोजणीदार:

मी भूमापनातला माणूस, तुमचं चित्रांचं मला फार कळत नाही. दोन गोष्टी सांगतो, त्या मात्र बघच.

एक, टाचणीसारखं टोकदार चिन्ह घेतलं असेल तर त्याचं टोक बिंदूवर आहे का? क्यूजीआयएस चित्राचा मध्य बिंदूवर ठेवतं. नकाशा १:२००० वर आणि चिन्ह १० मिमी उंच असेल तर टोक मध्यापासून ५ मिमी खाली, म्हणजे जमिनीवर १० मीटर चुकलं. तुमच्या गल्लीत १० मीटर म्हणजे समोरची घरांची ओळ. पाण्याची टाकी एकाच्या दारात आणि खूण दुसऱ्याच्या परसात! ‘अँकर पॉइंट’ म्हणून जागा आहे, तिथं उभ्या दिशेला ‘बॉटम’ कर. गोल किंवा चौकोनी चिन्हांना मध्यच ठीक.

दुसरं, प्रोजेक्टची प्रक्षेप प्रणाली (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची पद्धत) काय ठेवलीस? बेळगाव यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतं, क्यूजीआयएसच्या यादीत तिचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. तो ठेव. अंशांत ठेवून प्रमाण आणि अंतराची पट्टी टाकत बसू नकोस.

गावदिवा:

ताई, काका, माळावरचे अण्णा, सगळ्यांना धन्यवाद. चौकोन गेला, प्रश्नचिन्हं गेली, ‘मॅच’वालं बटण तर भारीच आहे. ‘पार्किंग’च्या दोन ओळी आल्या होत्या, एकीच्या मागं खरंच स्पेस होती.

एक अडलंय. नळाचं पीएनजी होतं, ते एका वेबसाईटवर टाकून एसव्हीजी करून घेतलं. क्यूजीआयएसमध्ये दिसतंय, खरं फिल कलर बदलायचं बटण मंद पडलंय आणि मोठं केलं की पुन्हा भुरकट. एसव्हीजी भुरकट कसं होईल?

नकाशावेडी:

कारण ते नावापुरतं एसव्हीजी आहे. ती फाईल नोटपॅडमध्ये उघड. आत ‘इमेज’ असा शब्द आणि त्याच्या पुढं पानंच्या पानं अगम्य अक्षरं दिसतील. त्या वेबसाईटनं तुझं पीएनजी उचलून एसव्हीजीच्या पाकिटात घातलंय, रेषा काही काढल्या नाहीत. इंकस्केप हे रेषांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर उतरवून घे, फुकट आहे. पीएनजी आत आण, ‘पाथ’ मेनूत ‘ट्रेस बिटमॅप’. त्यानं खऱ्या रेषा बनतात. मग मूळ चित्र पुसून टाक आणि ‘प्लेन एसव्हीजी’ म्हणून साठव. इंकस्केपमधले धूसर कडा, छाया असले इफेक्ट वापरू नकोस. क्यूजीआयएस एसव्हीजी वाचायला क्यूटी नावाची दुसऱ्यांची तयार प्रणाली वापरतं, त्याला एसव्हीजीतलं सगळं कळत नाही. तिकडं सुंदर दिसणारं चित्र इकडं अर्धवट येतं.

इतकं करूनही रंगाचं बटण मंदच राहील, त्याला फाईलमध्ये एक छोटी दुरुस्ती लागते. नोटपॅडमध्ये जिथं ‘फिल’ आणि त्यापुढं अवतरणात रंगाचा कोड आहे, तिथं कोडच्या आधी पॅरम लिही, लगेच कंसात फिल, मग एक जागा सोडून जुना कोड तसाच. पॅरम म्हणजे इंग्रजी पी-ए-आर-ए-एम. कडेच्या रेषेचा रंग बदलायचा असेल तर ‘स्ट्रोक’च्या जागी हेच, फक्त कंसात आउटलाइन. क्यूजीआयएसबरोबर आलेली चिन्हं उघडून बघ, त्यांच्यात असंच लिहिलेलं असतं. पाणी निळं, दवाखाना लाल, एकाच फाईलचे हवे तेवढे रंग.

रंगीत_छपाई:

फ्लेक्सच्या धंद्यातला आहे म्हणून बोलतो. पोरं आम्हाला नकाशाचा स्क्रीनशॉट आणून देतात आणि मग प्रिंट फाटली, म्हणजे भुरकट आली, म्हणून भांडतात. पीडीएफ आणा. लेआउटचं पान ६ बाय ४ फुटांचं करायची गरज नाही, त्याच्या चौथाईचं करा, ४५७ बाय ३०५ मिमी. आम्ही चौपट करतो. म्हणजे लेआउटवर १० मिमीचं चिन्ह फ्लेक्सवर ४ सेंटिमीटर. पीडीएफ काढताना ‘ऑलवेज एक्स्पोर्ट ॲज व्हेक्टर्स’वर खूण करा, आणि अक्षरांसाठी ‘टेक्स्ट ॲज पाथ्स’ (अक्षरांच्या रेषा करणं) निवडा. आमच्या मशीनवर तुमचा मराठीचा फॉन्ट नसेल, कन्नडचा नसेल, पाथ केलं की आम्हाला फॉन्ट लागतच नाही. नाहीतर जोडाक्षरं सुटी होऊन येतात, वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसतात.

जुना_मोजणीदार:

चौपट करणार असाल तर नकाशावर १:२००० असा आकडा छापू नका. चौपट झाल्यावर तो १:५०० होतो आणि छापलेला आकडा खोटा पडतो. अंतराची पट्टी ठेवा, ती नकाशाबरोबर वाढते. हेस्कॉमला द्यायची प्रत मात्र लहान कागदावर असेल, त्यांना आकडा आणि पट्टी दोन्ही द्या. त्यांच्यासाठी पार्किंग, प्रसाद काही नको, नुसता रथाचा मार्ग, खांब आणि तारा. लेआउट वेगळा करा.

गावदिवा:

केलं सगळं. देवळासमोर चिन्हांची दाटी व्हायली होती: गदगे, रथाची जागा, पाणी, पोलीस मदत केंद्र, सगळं एकावर एक. तेवढ्या चौकाचा १:१००० वर वेगळा छोटा नकाशा कोपऱ्यात टाकला. फ्लेक्सवाल्याकडनं आधी एका कोपऱ्याचा तुकडा छापून घेतला, रथाच्या चाकाचे आरे मोजता येतात इतका स्वच्छ आलाय. पंचांना दाखवला, त्यांनी पार्किंगचं एक शेत बदलायला लावलं, बाकी पसंत.

कॉलममध्ये शेत बदललं, चिन्ह आपोआप नव्या जागी. धागा सुटला म्हणून खूण करतोय. नळ, बस, पार्किंग, महाप्रसाद यांची रंग बदलता येणारी एसव्हीजी कुणाला गावच्या यात्रेसाठी हवी असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो. रथाचं चित्र मात्र त्या मुलीचं आहे, तिला विचारून सांगतो.