मदत हवी आहे: पंखे फिरतात, स्क्रीन मात्र काळी

मंडळी, इंदूरहून विचारतोय. काल रात्री पीसी जोडला: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या २ पट्ट्या. बटण दाबलं की पंखे फिरतात, बोर्डावरचा डीरॅमचा (म्हणजे मेमरीपाशी अडल्याचा) पिवळा दिवा पेटून राहतो, मॉनिटर ढिम्म. केबल ग्राफिक्स कार्डालाच आहे (आधी बोर्डाला लावली होती, हसू नका). पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. दुसऱ्या खाचेत एकच ठेवली तरी तेच. एएम५ वर (या प्रोसेसरचं सॉकेट) पहिल्या वेळी मेमरी ट्रेनिंगला, म्हणजे रॅमशी जुळवून घ्यायला, काही मिनिटं लागतात म्हणे, आणि मी दरवेळी घाबरून मिनिटभरात बंद केलाय! किती वेळ थांबू? की आधी सीमॉस रीसेट करू (बोर्डाच्या सेटिंग्ज मूळपदावर आणू)? दुकानदार म्हणतो, "खुल गया तो वापस नहीं होगा, भिया."