वाकळ (गोधडी) शिवणाऱ्या बायकांची बैठक तुम्हाला कुठं सापडली?

पेठेतली थोरली
घट बसायच्या आधीचं धुणं काढलं आणि आजीच्या वाकळेची कड उसवलेली दिसली. वर इरकल लुगडं, आत आजोबांचं धोतर. आमच्या कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरी सोप्यात दुपारी चौघीजणी चार बाजूंना बसायच्या. कडेनं धावदोरा घालत, चौकोनात चौकोन घेत आत सरकायच्या आणि मधे भेटल्या की चहा.

ती कड नीट करून घ्यायला बैठक शोधताना मला महिना लागला. महाद्वार रोडला विचारलं तर जयपुरी रजया पुढं टाकल्या. शेवटी ब्लाउज शिवणारे काका म्हणाले, "माझ्या चिंध्या कोण न्हेतंय बघा की." गाठोडं न्यायला आलेल्या मावशींच्या मागोमाग उचगावला गेले. देवळामागं तिघी बसलेल्या. पहिल्या दिवशी नुसतं बघत बसले. दुसऱ्या दिवशी मावशींनी न विचारता सुई हातात दिली. काय वाटलं ते सांगता येत नाही. तुम्हाला कशी सापडली, लिहा.

रंकाळा_संध्याकाळ
बोहारणीला विचारा. भांडी देऊन घेतलेल्या सुती साड्या कुठं जातात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मला तिनंच घर दाखवलं.

गडहिंग्लजची सून
आमच्यात शोधायला लागत नाही ओ, सुगी आटोपली की गल्लीगल्लीत अंथरलेलं असतं. फक्त मोकळ्या हातानं जाऊ नका, एक जुनं लुगडं न्या. नवं कापड नको, खळ असते, सुई जात नाही. पॉलिस्टर तर सरकतंय, टाकाच धरत नाही. कुकर झाला, येते परत

दादा ९ नंबर
पट्टणकोडोलीला मिळतात की

गडहिंग्लजची सून
ती घोंगडी दादा! लोकरीची, मागावर विणतात. ही वाकळ, हातानं शिवतात.

दादा ९ नंबर
व्हय व्हय. पण घोंगडं पावसात लई भारी, आमच्या आज्जाचं अजून हाय. मेंढरामागं जाताना खोळ करून डोक्यावर घ्यायचा.

कुंभार गल्ली
2019 च्या ऑगस्टात घरात पाणी आलं. वाकळा चार दिवस पाण्यात. वाळवल्या, पण वास जाईना, आतला थर कुजला होता. मी टाकून द्यायला निघाले. शेजारच्या तिघींनी हातातनं काढून घेतल्या, वरचं लुगडं अलगद उसवलं, आत माझ्या मिस्टरांचे जुने सुती सदरे घातले आणि परत शिवून दिल्या. मी बैठक शोधली नाही, तीच दारात आली. अजून दर गुरुवारी बसतो आम्ही.

रंकाळा_संध्याकाळ
वाचून डोळ्यात पाणी आलं गं. आमच्यातपण तेव्हा माळ्यावर बसून दिवस काढलेत.

पेठेतली थोरली
कुंभार गल्ली, एका गुरुवारी मी आले तर चालेल?

कुंभार गल्ली
विचारायचं काय त्यात. तीननंतर या.

हल्याळची लेक
माहेरी, कर्नाटकात, सिद्दी (मूळच्या आफ्रिकी वंशाच्या) बायका शिवतात त्याला कवंदी म्हणतात. त्यांचेही टाके कडेनं आत जातात, पण ठिगळं आधी जोडून ठेवत नाहीत, शिवता शिवता लावत जातात. शेवटी चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची फुलं. फुलाशिवाय कवंदी उघडी दिसते म्हणतात. यल्लापूर, हल्याळ भागात कुणी गेलात तर घाईनं बघू नका, बसा जरा.

लेक परदेशी
मुलीकडं अमेरिकेत गेले होते तेव्हा तिच्या क्विल्टिंग गिल्डला, म्हणजे तिथल्या गोधडी शिवणाऱ्यांच्या मंडळाला गेले. महिन्यातून एक बैठक, पाहुण्यांना येऊ देतात. तिथं कापड विकत आणून कापतात, 18 बाय 22 इंचाच्या तुकड्याला 'फॅट क्वार्टर' म्हणतात. प्रत्येकजण उभं राहून आपलं काम दाखवते. मी नातीचं दुपटं दाखवलं, माझ्या आईच्या नऊवारीचं. सगळ्यांनी हात लावून बघितलं, एकीनं तर गालाला लावलं. मऊपणा कुठनं आला विचारत होत्या. चाळीस वर्षं धुतल्यावर येतोय, म्हटलं.

गडहिंग्लजची सून
आले परत. दुपट्याला नऊवारीच पाहिजे, बाळाला घाम येत नाही. कुणाकडं बारसं आहे काय?

लेक परदेशी
झालं गं. नात आता शाळेत जाते 😊

इचलकरंजी माग
आमच्याकडं मागावरचं सुती कटपीस पडून असतंय. बैठकीला पाहिजे असंल तर सांगा, पैसे नकोत. आईनं आयुष्यभर वाकळा शिवल्या.

कुंभार गल्ली
पाहिजे दादा! आधी दोनतीनदा धुऊन घेऊ, खळ निघंल.

नवीन आले
मलापण यायचंय. काय आणू? दाभण आहे घरात.

कुंभार गल्ली
दाभण नको, भोकं पडतात. मोठ्या नेढ्याची सुई आणा, दोरा आहे.

नवीन आले
सासूबाईंना यायचं आहे, पण त्यांना दोरा ओवताना दिसत नाही आता. हात चांगला चालतो.

कुंभार गल्ली
आणा त्यांना. दहा सुया ओवून आधीच टोचून ठेवते.