मदत हवी आहे: कोड्यांच्या खेळाच्या लेव्हल एडिटरची माहितीपुस्तिका एआय एजंटला समजेल अशी कशी लिहावी?

नमस्कार.

फावल्या वेळात मी सोकोबानच्या धर्तीवरचा एक खेळ तयार करत आहे. ज्यांना सोकोबान माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: गोदामातल्या माणसाने पेट्या ढकलून ठरलेल्या जागी न्यायच्या असतात, पेटी ओढता येत नाही आणि एका वेळी एकच ढकलता येते. हिरोयुकी इमाबायाशी यांचा हा जपानी खेळ १९८२ साली बाजारात आला. नियम इतके कमी असल्यामुळे लेव्हल, म्हणजे खेळातले एकेक कोडे, रचण्याच्या एडिटरची पुस्तिका लिहिणे तासाभराचे काम असेल, असा माझा समज होता, आणि मित्रांसाठी मराठीत लिहिलेली सहा पाने त्यांना पुरलीही. आता तोच एडिटर मी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलद्वारे (एआयला बाहेरच्या प्रणालीतल्या क्रिया, म्हणजे ‘टूल’, वापरू देणारी जोडणीची ठरावीक पद्धत) एका एआय एजंटच्या, म्हणजे स्वतःच पावले ठरवून काम करणाऱ्या एआयच्या, हाती दिला आहे आणि पुस्तिकाही तीच वाचायला दिली आहे. तयार होणाऱ्या लेव्हल निराशाजनक आहेत, परंतु त्यात दोष एजंटचा किती आणि माझ्या लिखाणाचा किती, हे मला ठरवता येत नाही. (टूलची नावे रोमन अक्षरांतच द्यावी लागल्यामुळे ती प्रत्यक्षात इंग्रजीत आहेत, येथे त्यांचे मराठी अर्थ देत आहे.)

पुस्तिकेत ‘ओळ’ हा शब्द मी आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही ओळींसाठी सैलपणे वापरला होता. माणूस पडद्यावर पाहून टिचकी मारतो, त्यामुळे त्याचे कोणालाच अडले नाही. एजंटच्या चुका तपासताना मात्र लक्षात आले की गोंधळ मुळात कोडमध्येच आहे: ‘पेटी ठेवा’ हे टूल आधी आडव्या ओळीचा क्रमांक घेते, तर पुढे दोन महिन्यांनी लिहिलेले ‘भिंत आखा’ आधी उभ्या ओळीचा. लेव्हल चौरस असेल तर त्रुटीचा संदेशही येत नाही; भिंती कर्णाच्या पलीकडे उलटतात आणि पेट्या जागच्या जागी राहतात.

‘पेटी हलवा’ या टूलची गंमत वेगळीच आहे. एडिटरमध्ये हलवणे म्हणजे उचलून दुसऱ्या घरात ठेवणे, पण एजंटने त्याचा अर्थ खेळातले ढकलणे असा घेतला, आणि पेटीच्या मागे माणसाला उभे राहायला जागा नाही असे कारण देऊन ते टूल वापरलेच नाही.

सर्वांत जास्त नुकसान ‘लेव्हल तपासा’ या टूलने केले. सोकोबानची लेव्हल सुटते की नाही हे ठरवणे पीस्पेस-पूर्ण, म्हणजे संगणकासाठी अत्यंत अवघड समजल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या गटातले, असल्याचे जोसेफ कल्बर्सन यांनी १९९७ साली दाखवले आहे. म्हणून माझे टूल ३० सेकंदांनंतर शोध थांबवते. लेव्हल खरोखर न सुटणारी असो किंवा केवळ वेळ संपलेली असो, दोन्ही वेळा ते ‘उत्तर सापडले नाही’ एवढेच सांगत असे. त्यावरून एजंटने लेव्हल चुकीची ठरवली आणि चांगल्या, अवघड लेव्हल मोडून त्यांच्या जागी सोप्या रचल्या. आता मी ‘सुटते’, ‘सुटत नाही’ आणि ‘वेळेत ठरले नाही’ अशी तीन उत्तरे वेगळी केली आहेत.

खेळाचे नियम प्रत्येक टूलच्या वर्णनात पुन्हा लिहावेत की एकाच ठिकाणी, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. ही वर्णने एजंटच्या संदर्भात (त्याच्यासमोर असणाऱ्या मर्यादित मजकुरात) सतत राहतात, त्यामुळे लांबी परवडत नाही. शिवाय लेव्हलची स्थिती चिन्हांच्या नकाशाने कळवावी की घरांच्या क्रमांकांनी?

प्रतिसाद:

नियम एकदाच लिहावेत. टूलच्या वर्णनात फक्त ते टूल नियमांपासून जेथे वेगळे वागते तेवढेच सांगावे. ‘हे टूल ढकलण्याचा नियम पाळत नाही’ हे एक वाक्य पुरेसे आहे, आणि नावच ‘पेटी उचलून ठेवा’ केले तर त्याचीही गरज कमी होईल. ओळींच्या क्रमाचा गोंधळ कृपया पुस्तिकेत समजावून सांगत बसू नका, कोडमध्येच दुरुस्त करा. स्थिती दोन्ही प्रकारे कळवावी: सलग आलेली भिंतीची चिन्हे मजकूर तुकड्यातुकड्यांनी वाचणाऱ्या एआय मॉडेलच्या दृष्टीने अनेकदा एकाच तुकड्यात जमा होतात आणि मोजणी चुकते, म्हणून प्रत्येक ओळीपुढे तिचा क्रमांक असावा. रिकाम्या घरासाठी मोकळी जागा न सोडता आडवी रेघ वापरावी, सोकोबानच्या प्रचलित लेखनपद्धतीत ती चालते. आणि एक चाचणी करून पाहा. नव्या संभाषणात टूल न देता केवळ पुस्तिका द्या, आणि ठरावीक तीन आज्ञांनंतर कोणत्या घरात काय असेल ते विचारा.

धागालेखक:

आभारी आहे. चाचणी आजच केली. पहिल्या दोन आज्ञांचे उत्तर बरोबर आले, तिसऱ्या आज्ञेत भिंत एका घराने आखूड निघाली. ‘भिंत आखा’ला दिलेले शेवटचे घर धरायचे की सोडायचे, हे सहा पानांत मी कोठेही लिहिलेले नव्हते. ‘पुसा’ या टूलबद्दलही तेच आहे, कारण पेटी ठरलेल्या जागेवर असताना पुसल्यास ती जागा शिल्लक राहते की नाही, हे मलाच कोड उघडून पाहावे लागले.