सजा संपली, दंड बाकी. अजून किती दिवस आत ठेवणार?

लालबागकर: आमच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा चोरीच्या केसमध्ये आत आहे. सजा भोगून झाली, पण 10,000 रुपये दंड भरला नाही म्हणून वर 6 महिने. काकू चार घरची धुणीभांडी करतात. काल पदराची गाठ सोडून भिशीचे पैसे माझ्यासमोर मोजले. 3,400 निघाले. पैसेवाला त्याच दिवशी सुटतो, हा मात्र आत. ही गरिबीची सजा आहे, बंदच करा.

गिरगावचा दुकानदार: अजिबात नाही. माझ्या दुकानात चोरी झाली तेव्हा कोर्टाने दंडातूनच मला भरपाई द्यायला सांगितली होती. त्या माणसाने दंड न भरता वाढीव कैद काढली आणि गेला. मला दमडी मिळाली नाही. कैदेची भीतीही काढलीत तर दंड भरेल कोण?

फोर्टचा वकील: लालबागकर, वाढीव कैदेचे किती महिने झाले?

लालबागकर: सोमवारी 4 पूर्ण.

फोर्टचा वकील: मग 3,400 पुरतात! कैद भोगली त्या प्रमाणात दंड कमी होतो. न्याय संहितेच्या कलम 8 मध्ये आहे, आधी भारतीय दंड विधानात कलम 69 होतं. 6 पैकी 4 महिने काढले की राहिला तिसरा हिस्सा, म्हणजे 3,334. तेवढे भरा. एरवी केंद्राची 2023 ची गरीब कैद्यांसाठीची योजना आहे, शिक्षा झालेल्याचा 25,000 पर्यंतचा दंड त्यातून भरता येतो. तुरुंगातच चौकशी करा.
दुकानदारसाहेब, दंडातून भरपाईचा आदेश असेल तर कैद भोगली तरी वसुली थांबत नाही. निकालाला 6 वर्षं व्हायच्या आत अर्ज करा. कलेक्टरमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.

गिरगावचा दुकानदार: कलेक्टर जप्त काय करणार? त्याच्या नावावर पागडीची खोलीसुद्धा नाही.

लालबागकर: तेच म्हणतोय मी. आत बसून तो कमावणार काय? सोडा, कामाला लावा, हप्ते बांधून द्या.

फोर्टचा वकील: हप्त्यांची सवलत नुसत्या दंडाच्या शिक्षेलाच आहे, तीही दोन-तीन हप्त्यांची. ती वाढवायला हवी, हे मलाही पटतं.

गिरगावचा दुकानदार: पहिल्या हप्त्यानंतर तो गावी निघून गेला तर? मी त्याच्या मागे फिरू की दुकान चालवू? काकूंबद्दल वाईट वाटतं, खरंच. पण त्यांच्या मुलाने चोरलं कुणाचं?

लालबागकर: करी रोडच्या एका भाजीवालीचा मोबाईल आणि गल्ला. तिला काही मिळालं का, हे मी काकूंना विचारलंच नाही. आज विचारतो.