दारं काढली, आता आरसा कुठं लावू? (रँगलर, बिजागरीतले आरसे आणि माझा वैताग)

फ्रीमाँटचा_फाटका

मे उजाडला की इथं कॅलिफोर्नियात जीप रँगलरवाल्यांच्या अंगात येतं. छप्पर खाली, दारं गॅरेजात, गाडी रस्त्यावर. मीही त्यातलाच. माझी २०१९ ची जेएल (रँगलरची नवी पिढी), दोन दारांची. दार काढणं म्हणजे पंधरा मिनिटांचं काम: बिजागऱ्यांचे टॉर्क्स बोल्ट सोडायचे (टी-५० चा बिट लागतो), आतला पट्टा सोडायचा, वायरचा प्लग काढायचा आणि दार अलगद वर उचलायचं. घोडं पेंड खातं ते यानंतर. रँगलरचे बाहेरचे दोन्ही आरसे दारावरच बसवलेले. दार गेलं की आरसाही गेला.

आमच्या राज्याचा नियम स्पष्ट आहे: गाडीला किमान दोन आरसे हवेत, त्यातला एक डाव्या बाजूला, आणि मागचा २०० फूट रस्ता दिसायला हवा. (इथं ड्रायव्हर डावीकडं बसतो, देशातल्या मंडळींनी गोंधळू नये.) म्हणून सगळे करतात तेच मी केलं. दार काढल्यावर बिजागरीची जी नळी उरते तिच्यात खुंटी घालून बसवायचे गोल आरसे मागवले. साठ डॉलरला जोडी. केवढे? पुरीएवढे. तेही पाणीपुरीची नाही म्हणून बरं.

परवा हॉलिस्टर हिल्सला, डोंगरात गाडी चालवायला निघालो. १०१ नंबरच्या हायवेवर ताशी पासष्ट मैलांचा वेग धरला (आपले १०५ किलोमीटर) आणि डावा आरसा वाऱ्यानं हळूहळू फिरू लागला. आधी बाजूची लेन दिसत होती, मग रस्त्याकडेचं कुंपण, आणि गिलरॉयच्या अलीकडं पाहतो तर आरशात माझंच कोपर. हात बाहेर काढून सरळ केला. दोन मैलांत परत कोपर. सरळ असायचा तेव्हा इतका थरथरायचा की मागच्या ट्रकचे दोन दिवे म्हणजे दोन पांढऱ्या रेघा. तशाच रेघा बघून, ट्रक लांब आहे असं समजून लेन बदलायला गेलो आणि जो भोंगा वाजला तो अजून कानात आहे.

माझं मत: हे बिजागरीतले आरसे पोलिसाला दाखवायला असतात, आपल्याला बघायला नव्हे. दारं काढायची तर कंपनीचेच आरसे ब्रॅकेटवर बॉडीला बसवा, नाहीतर अर्धी दारं किंवा पाइपची दारं (नुसत्या पाइपची चौकट) घ्या, ज्यांना आरसा घट्ट बसतो. बाकी सगळी नाटकं. बोला.

डेन्व्हरकर_दिनू

साफ नामंजूर. चार उन्हाळे झाले, माझ्या जेकेला (जेएलच्या आधीच्या रँगलरला) तेच आरसे आहेत आणि एकदाही कोपर दिसलं नाही. दोष आरशाचा नाही, बसवणाऱ्याचा. खुंटी नळीत सैल बसते, ती तशीच ठोकून दिलीत ना? खुंटीला टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे द्या, मग घाला. खालचं नट घट्ट करून त्यावर लॉकटाइटचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) थेंब. निळं वापरा, लाल नको, नाहीतर सप्टेंबरात दारं परत लावताना रडत बसाल.

आणि कंपनीचा आरसा ब्रॅकेटवर म्हणता? तो आरसा वजनदार, आत मोटर, बाहेर लोंबणारी वायर. तेवढं ओझं पत्र्याच्या पट्टीच्या टोकाला टांगलं की ते जास्त हलतं. शिवाय ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटेवर, पाइनचं झाड घासलं तर माझे तीस डॉलर जातात. तुमचे किती जातील ते शोरूमला विचारा.

तिसरा_नियम

दोघंही अर्धं बरोबर. एका टोकाला धरलेली सळई दुसऱ्या टोकाच्या ओझ्यानं किती वाकते, ते लांबीच्या घनावर ठरतं. आठ इंचांचा दांडा चार इंचांचा केला की वाकणं निम्मं नाही, आठव्या हिश्शावर येतं. तेव्हा बिजागरी की ब्रॅकेट हा वाद नंतर, आधी आरशाचा दांडा मोजा. वाऱ्याचा जोरही वेगाच्या वर्गानं वाढतो. पंचेचाळीसला गुमान बसणारा आरसा पासष्टला दुपटीहून जास्त वारा खातो. म्हणून गल्लीत फेरी मारून ‘मस्त बसला’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

फाटके, एक प्रश्न. तुमचा डावा आरसा सपाट होता की बहिर्वक्र?

डेन्व्हरकर_दिनू

लांबीचं गणित मान्य, पण माझ्या अनुभवात दांडा वाकतच नाही. आरशामागचा गोळीचा सांधा ढिला पडतो. तिथं घनबिन काही नाही, पाना लागतो.

फ्रीमाँटचा_फाटका

@तिसरा_नियम, आत्ता गॅरेजात जाऊन स्टीलची पट्टी आडवी धरून बघितली. दोन्ही फुगीर आहेत! कडेला पट्टी टेकते, मध्ये डोलते.

तिसरा_नियम

मग भोंग्याचं कोडं सुटलं. अमेरिकेच्या केंद्रीय मानकाप्रमाणं (क्रमांक १११) नव्या गाडीचा ड्रायव्हरकडचा आरसा सपाटच लागतो. फुगीर चालतो तो पलीकडचा, म्हणून तर त्यावर ‘आरशात दिसतात त्याहून वस्तू जवळ आहेत’ असं कोरलेलं असतं. तुमचा डोळा वर्षानुवर्षं डावीकडं सपाट काचेला सरावलेला. फुगीर काचेत ट्रक लहान दिसला, तुम्ही लांब समजलात. थरथर हा दुसरा गुन्हेगार, पहिला काचेचा बाक. पुरीएवढ्या आरशात जास्त रस्ता मावावा म्हणून विकणारे दोन्हीकडं फुगीर काच देतात. डावीकडं सपाट आणि आकारानं मोठा घ्या, उजवीकडं फुगीर चालेल.

सॅन_डिएगोची_काकू

तुमचं दांड्याचं चालू द्या. मला एक सांगा, गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल कुणी उघडलंय का? त्यात जीपवाल्यांनीच लिहिलंय की दारं काढून सार्वजनिक रस्त्यावर चालवू नका, दारांमुळं मिळणारं संरक्षण जातं, आणि दारं काढण्याची कृती फक्त ऑफ-रोडसाठी दिली आहे. बाजूनं धडक बसली तर मध्ये काय असणार? तुमची हाफ पँट?

आमच्याकडं पण रँगलर आहे, यांच्या हट्टापायी. आम्ही दारं लावून जातो आणि तळावर पोचल्यावर काढतो. जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून ट्रकच्या मागं ठेवतो, वर कुलपाची साखळी. चादरीचा खरा उपयोग मला सॅन डिएगोत आल्यावर कळला. हायवेला कंपनीचे आरसे जागेवर, दगडांत त्यांची फारशी गरज नाही. वादच मिटला.

फ्रीमाँटचा_फाटका

काकू, तुमच्याबरोबर ट्रक असतो म्हणून. माझी एकटी दोन दारांची गाडी, मागं कूलर ठेवला की दार जाऊ दे, डबाही मावत नाही. दारं तळावर टाकून दिवसभर डोंगरात जाऊ?

पण मॅन्युअलचा मुद्दा खोडता येत नाही, कबूल.

सॅन_डिएगोची_काकू

मग दारं लावूनच डोंगरात जा. काच खाली केली तरी वारा येतो.

ह्यूस्टनवाडीकर

आमच्या टेक्सासात कायद्याला एकच आरसा पुरतो, २०० फूट मागचं दिसलं की झालं. मी आतला आरसा ठेवतो आणि मान वळवून बघतो. दार नाही तर मान वळवायला अडथळा कुठला? उलट आंधळा कोपरा उघडाच होतो. ज्याची मान शाबूत त्याला आरशांचं दुकान कशाला?

फ्रीमाँटचा_फाटका

तुमच्या आतल्या आरशात काय दिसतं ते मला पाठ आहे. मधोमध स्टेपनीचं चाक. सॉफ्ट टॉप मागं दुमडला असेल तर खालच्या अर्ध्यात कापडाचा ढीग. दोन मुलं मागं बसवा, मग तर फक्त टोप्या. यातून २०० फूट दिसतात म्हणणाऱ्याची मान नाही, डोळे तपासायला हवेत. आणि पासष्टला मान वळवली तर तेवढ्या सेकंदात गाडी शंभर फूट जाते. समोर कोण बघणार?

हो, जेएलमध्ये बाजूला गाडी आल्याचा इशारा देणारी यंत्रणा असते, पण तिचा दिवा कुठं लागतो? दारावरच्या आरशात. सेन्सर मागं टेललाइटमध्ये जागेवर, दिवा गॅरेजात.

ब्रॉन्कोबाबा

येऊ का? २०२१ ची ब्रॉन्को आली तेव्हाच फोर्डनं हा प्रश्न सोडवला. आरसे दारावर नाहीत, दाराच्या पुढं बॉडीवरच. दारं काढा, आरसे जागच्या जागी, काच तीच, मोटर चालू. दारांना वर चौकट नाही, म्हणून चार दारांच्या गाडीत ती मागं रचूनही नेता येतात. तुम्ही टेफ्लॉन टेप गुंडाळा, मी चहा घेतो.

डेन्व्हरकर_दिनू

जीपच्या धाग्यावर ब्रॉन्को विकायला एक जण यायचाच, बोहल्यावर मांजर यावं तसा. बाबा, पुढची काच बोनेटवर आडवी पाडून दाखवा मग.

तरी यावरून एक आठवलं ते नवख्यांसाठी लिहितो. काही आरसे विंडशील्डच्या चौकटीला बोल्टनं बसतात. बसतात घट्ट, पण काच पुढं पाडली की चौकटीबरोबर आरसाही पडतो. ट्रेलवर काच पाडायची सवय असेल तर बॉडीवरच्या बिजागरीला बसणारा आरसाच घ्या. फाटक्यांना आवडो न आवडो.

मुळशीकर

पौडच्या अलीकडून रामराम. गंमत वाटते तुमची. माझ्याकडं महिंद्राची जुनी ५४० आहे. दारं कॅनव्हासची, चेन ओढायची, घडी घालायची, सीटमागं टाकायची. आरसे सळईवर, सळई बॉडीवर. दाराशी त्यांचा संबंध कधी आलाच नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीजलाही ड्रायव्हरच्या बाजूला, काचेशेजारी एकच गोल आरसा असायचा. म्हणजे जीप जन्माला आली तेव्हा आरसा बॉडीवरच होता. पुढं लोखंडी दारं आली, पॉवर विंडो आल्या, आरसा दारावर गेला, आणि आता तुम्ही साठ डॉलर देऊन तो परत बॉडीवर आणताय!

थरथरीचा इलाज आमच्याकडं फुकट आहे. सायकलची जुनी ट्यूब बोटभर कापायची आणि सळईच्या बुडाशी क्लँपच्या आत घालायची. रबर थरथर पितं. ताम्हिणीच्या खड्ड्यांत तपासलेलं आहे, याहून मोठी प्रयोगशाळा नाही.

तिसरा_नियम

काका, रबरानं बारीक थरथर मरते हे खरं, पण क्लँप मऊ होतो आणि पासष्टच्या वाऱ्याला आरसा पुन्हा फिरतो. ताम्हिणीत तुमचा वेग किती असतो?

मुळशीकर

तिसाच्या वर गेलो तर मीच फिरतो.

नवा_गडी

जरा वेगळं विचारतो. माझी २०२२ ची थार आहे, नाशिकला. तिचीही दारं काढून असे आरसे लावता येतील का? फोटो भारी येतात.

मुळशीकर

नको रे बाबा. तुझी दारं काढायला बनवलेली नाहीत. तिचेही आरसे दारावरच. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: गाडीच्या मूळ रचनेत परस्पर फेरफार चालत नाही. उद्या काही झालं तर विमेवाला आधी तेच दाखवेल. फोटोच हवे असतील तर माझ्या ५४० मध्ये बसून काढ. चहा तुझा.

फ्रीमाँटचा_फाटका

शनिवारी पुन्हा जाऊन आलो, म्हणून लिहितो. पाइपची दारं बघितली, किंमत बघून परत ठेवली. अर्ध्या दारांचा भाव ऐकून बायको नुसती हसली. शेवटी दिनूच्या शिरपेचात एक तुरा: बिजागरीतलेच आरसे ठेवलेत, पण दांडा आखूड, डावीकडं सपाट चौकोनी काच, खुंटीला टेफ्लॉन, सांध्याला निळं लॉकटाइट. कधी फिरला ते कळावं म्हणून सांध्यावर पांढऱ्या मार्करनं आडवी रेघ मारली. घरापासून हॉलिस्टरपर्यंत रेघ तुटली नाही. थरथर आहे, पण ट्रक ट्रकसारखा दिसतो.

एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. डोंगरात गेल्यावर डावा आरसा खाली वाकवला तर मागचं चाक दगडाच्या कडेपासून किती इंचांवर आहे ते दिसतं. पुढचं चाक तर दार नसल्यामुळं नुसतं वाकून दिसतंच. मी चुकलो ते आरशाच्या जातीबद्दल नाही, त्या जोडीबद्दल चुकलो, असं म्हणू या. हायवेला मात्र अजूनही उजव्या लेनमध्ये, साठच्या आत. काकूंच्या मॅन्युअलला माझ्याकडं उत्तर नाही.

डेन्व्हरकर_दिनू

‘चुकलो’ एवढाच शब्द वाचला. बाकीचं सवडीनं वाचतो.

सॅन_डिएगोची_काकू

उजवी लेन, साठच्या आत. आणि फुल पँट.

मुळशीकर

फाटके, ती पुरीएवढी जुनी जोडी टाकून देऊ नका. दिवाळीला येताय ना? बॅगेत टाका. माझ्या डाव्या सळईवरचा आरसा गेल्या पावसाळ्यात एका म्हशीनं नेला.