दोघांनाच शनिवार-रविवार कमी खर्चात कसा घालवता येईल?

प्रश्न (कोथरूडकर): आम्ही दोघे नोकरी करतो, मूलबाळ नाही. गेल्या महिन्याचा हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले की चारही रविवार मॉल, सिनेमा आणि बाहेरचे जेवण यांतच गेले, त्यांवर नऊ हजारांहून अधिक रुपये खर्च झाले आणि त्यांतला एकही रविवार आज धड आठवत नाही. मित्रांकडे जावे, तर गप्पा शाळाप्रवेश आणि वाढदिवस यांपाशी येऊन थांबतात. त्यात त्यांचा दोष नाही, परंतु आम्ही नुसते माना डोलावत बसतो. दोघांचे मिळून पाचशे रुपयांत भागेल आणि स्वतःची गाडी लागणार नाही, असे काही सुचवावे. ‘घरी बसून सिनेमा पाहा’ असे मात्र सांगू नये. तो प्रयोग झाला आहे. पंधराव्या मिनिटाला आमच्यापैकी एकाला झोप लागते.

उत्तर १ (लोकलप्रेमी): पहाटे घर सोडता येणे ही तुमची मोठी सोय आहे, ती वापरावी. शिवाजीनगरहून लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे आणि द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून अर्ध्या-पाऊण तासात चालत भाजे लेणी गाठावीत. चैत्यगृहात शिरल्यावर आधी वर पाहावे: छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि खांब किंचित आत झुकलेले आहेत, कारण कोरणाऱ्यांनी लाकडी इमारतीचीच रीत दगडात उतरवली. बाहेर पडून डावी-उजवीकडची लेणीही सोडू नयेत. एका ठिकाणी स्तूपांचा अख्खा समूह आहे, तो मोजून पाहावा, चौदा भरतील. पायांत बळ असल्यास पुढे लोहगड आहेच. एक गोष्ट लक्षात ठेवावी, दुपारी बराच वेळ लोकल नसते.

उत्तर २ (पेठेतला): सूचना उत्तम आहे, परंतु पावसाळ्यातल्या रविवारी तिकडे जाऊ नये, लेण्यांपेक्षा धबधब्याखालची गर्दीच अधिक पाहावी लागेल. त्या दिवसांत शहरातच थांबावे. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या नाट्यगृहांत प्रायोगिक नाटके होतात, ज्यांचे तिकीट व्यावसायिक नाटकापेक्षा बरेच स्वस्त पडते आणि जिथे नटाच्या कपाळावरचा घामही दिसतो. नाटक पडले तरी घरी चालत येताना भांडायला विषय मिळतो, जो मॉलमधून परतताना मिळत नाही. याखेरीज १८४८ साली स्थापन झालेल्या पुणे नगर वाचन मंदिराचे सभासद व्हावे. दोघांनी एकमेकांसाठी पुस्तक निवडायचे आणि ते मुकाट्याने वाचायचे, असा नियम आम्ही घरी पाळतो. माझ्या वाट्याला दोनदा पाककृतींचे पुस्तक आले आहे.

उत्तर ३ (भाजीवाली नव्हे): रविवारी सकाळी महात्मा फुले मंडईत जावे. १८८६ साली उभी राहिलेली ती अष्टकोनी दगडी इमारत आपण सारेच बाहेरून पाहतो, आत शिरून वर मान करीत नाही. दोघांपैकी कोणीही कधी न केलेली एक भाजी घ्यायची, कशी करायची ते विकणाऱ्या मावशींनाच विचारायचे आणि दुपारी दोघांनी मिळून ती रांधायची. आमची पहिली खेप करटोल्यांची होती. मावशींनी बिया काढायला सांगितले होते; आम्ही ते विसरलो.

कोथरूडकर: सर्वांचे आभार. परवा शनिवारी भाज्याला जाऊन आलो. लोकल, लेण्यांचे तिकीट, चहा आणि वडापाव धरून दोघांचा खर्च दोनशे दहा रुपये झाला. स्तूप आम्ही तीन वेळा मोजले. मला तेरा मिळत होते, आणि चौदावा सौभाग्यवतींनी दाखवला, हे आता वर्षभर ऐकावे लागणार आहे. दुपारच्या लोकलबद्दलची सूचना वाचूनही आम्ही विसरलो आणि मळवलीच्या फलाटावर दीड तास बसलो. त्या दीड तासात पुढच्या शनिवारचे नाटक ठरले, परंतु पुस्तकांच्या नियमावर अजून एकमत झालेले नाही.