सल्ला हवा: जुना ‘मीडिया’ टीव्ही गेम आणि डीबी स्पेक्ट्रम प्लस पुन्हा चालू करायचेत (सोलापूर)

अशोकचौक_७
नमस्कार मंडळी. दोन यंत्रं चालू करायची आहेत.

एक, मीडियाचा ६० पिनी कॅसेटवाला टीव्ही गेम. मूळ अडॅप्टर हरवलाय. मागे व्हिडिओ आणि ऑडिओच्या दोन आरसीए (गोल पिनेची भोकं), शेजारी आरएफ (अँटेनाच्या वायरीचं भोक). दोन रिमोट, एक गन, काही कॅसेटी. दुसरा, डेसिबेल्सचा डीबी स्पेक्ट्रम प्लस, टीव्हीला जोडायचा जुना घरगुती संगणक. याचाही अडॅप्टर नाही.

टीव्ही ३२ इंची एलईडी, एव्हीसाठी ३.५ मिमीचं एकच भोक. पिक्चर ट्यूबचा १४ इंची टीव्हीही चालू आहे. घर पूर्व भागात, शेजारी यंत्रमाग, त्यामुळे दोन्ही यंत्रांच्या जाळीत सुताचे तंतू भरलेत. अडॅप्टर कोणता घ्यावा, एलईडीला कसं जोडावं, सुटे भाग कुठे मिळतील? की हे सोडून बाजारातली नवी एचडीएमआय गेम स्टिक घ्यावी? मल्टिमीटर आणि सोल्डरिंग आयर्न आहे, जुजबी डाग मारता येतो.

शिसंकथील
मालक, पिन बसते म्हणून राउटरचा किंवा सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर लावू नका. त्यांच्यात मधली बाजू पॉझिटिव्ह असते. तुमचा गेम म्हणजे फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जुन्या टीव्ही गेमची नक्कल; अशा नकलांमध्ये बहुतेक वेळा मधली निगेटिव्ह आणि बाहेरची पॉझिटिव्ह असते. उलटा लावला की ७८०५ रेग्युलेटर (व्होल्टेज ५ वर आणणारी चिप) आणि त्याच्या शेजारचा मोठा कपॅसिटर जातो, नशीब वाईट असेल तर पुढची चिपही.

तेव्हा आधी मोजा. तळाचे स्क्रू काढा आणि रेग्युलेटर शोधा: तीन पायांचा, पाठीला भोक असलेली धातूची पट्टी, अंगावर ७८०५. छापील बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय इनपुट, मधला ग्राउंड, उजवा आउटपुट. मीटर कंटिन्यूटीवर ठेवा (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप देतो तो). एक प्रोब मधल्या पायाला, दुसरी अडॅप्टरच्या सॉकेटमधल्या मधल्या पिनेला. बीप आली तर मधली निगेटिव्ह. बाहेरच्या कड्याला बीप आली तर उलट. दोन्हीकडे आली नाही तर सॉकेटनंतर चार डायोडचा ब्रिज आहे का बघा. तो असेल तर दिशेचा प्रश्नच नाही.

अडॅप्टर ९ व्होल्ट १ अँपियरचा, एसएमपीएस प्रकारचा (हलका, मोबाईल चार्जरसारखा) घ्या. लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे जुने अडॅप्टर नावाला ९ व्होल्टचे, लोड नसताना १२ ते १४ दाखवतात. तो सगळा फरक ७८०५ उष्णता करून टाकतो.

आपल्या हवेत हे का महत्त्वाचं ते आकड्यांत सांगतो. वेगवेगळ्या चिपांचा जुना बोर्ड ४०० मिलीअँपियर घेतो असं धरा. ९ मधून ५ गेले, ४ व्होल्ट गुणिले ०.४ म्हणजे १.६ वॅट. उघड्या ७८०५चं तापमान एका वॅटला साधारण ६५ अंशांनी चढतं, म्हणजे १०४ अंश. वर एप्रिल-मेची आपली ४२ धरा, झाले १४६. याच्या आसपास रेग्युलेटर स्वतःला वाचवायला बंद होतो. थोडा वेळ खेळल्यावर चित्र गोठणं आणि गार झाल्यावर यंत्र पुन्हा नीट चालणं, या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच. बोटाच्या पेराएवढं हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) आणि थर्मल पेस्ट लावली की तेच तापमान ८०-८५ वर येतं. हीटसिंक बसत नसेल तर ७.५ व्होल्टचा अडॅप्टर घ्या. ७ च्या खाली मात्र जाऊ नका, ७८०५ला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त लागतात.

सुताचे तंतू रंगाच्या कोरड्या एक इंची ब्रशने काढा. ते हीटसिंकवर बसले तर उष्णता अडवतात आणि पावसाळ्यात ओल धरून ठेवतात. ओलं फडकं बोर्डावर नको.

पहिल्यांदा चालू करताना कॅसेट नको, रिमोट नको. आउटपुट पायावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसले तरच पुढे जा.

पडदा_५७६
एलईडीचं सांगतो. ३.५ मिमीच्या एव्ही पिनेला चार भाग असतात: टोक, पहिलं कडं, दुसरं कडं, बूड. कंपनीगणिक मांडणी वेगळी. एका प्रकारात व्हिडिओ बुडाला, दुसऱ्यात पहिल्या कड्याला, पण दोन्हींत ग्राउंड दुसऱ्या कड्यावर. या दोनांत गोंधळ झाला तर वायरीच्या पिवळ्या-लाल पिना आपसांत बदलून चित्र मिळतं. तिसऱ्या प्रकारात ग्राउंडच बुडाला असतं. तिथे कितीही अदलाबदल केली तरी आवाजात घुंई आणि पडद्यावर हलत्या पट्ट्याच येतात. टीव्हीच्या पुस्तिकेत त्या भोकाचं चित्र बघून त्याच मांडणीची वायर घ्या.

वायर बरोबर असूनही चित्र काळं-पांढरं आलं तर बोर्डावरचा क्रिस्टल वाचा, चकचकीत धातूची लांबट डबी. २६.६० मेगाहर्ट्झ लिहिलं असेल तर पाल, २१.४७ असेल तर एनटीएससी (टीव्हीच्या रंगांच्या दोन पद्धती). टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टिम ऑटोवर किंवा त्या प्रकारावर ठेवा.

आणि एक गोष्ट एलईडीवर सुधारणार नाही. हे यंत्र ओळी एकाआड एक न पाठवता प्रत्येक वेळी त्याच जागी पाठवतं. बरेच नवे टीव्ही त्याला नेहमीचं इंटरलेस चित्र समजून दोन फ्रेम एकत्र करतात. मार लागल्यावर जी पात्रं लुकलुकतात ती अशा टीव्हीवर अर्धवट दिसतात किंवा गायबच होतात, शिवाय बटण दाबल्यावर उडी उशिरा येते. स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डबीतही हेच होतं. तुमचा १४ इंची ट्यूबचा टीव्ही या यंत्रासाठी कितीतरी चांगला. त्याला भंगारात घालू नका!

कॅसेटवाली_अक्का
कॅसेटींबद्दल. फुंकर मारायची सवय सोडा. तोंडातली वाफ पट्ट्यांवर बसते आणि वर्षानुवर्षांत त्या हिरव्या पडतात. फुंकल्यावर चालते असं वाटतं ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे.

मेडिकलमधून किंवा मोबाईल रिपेअरवाल्याकडून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन पट्ट्यांवर राहतं. कानकाडी भिजवून पट्टीच्या लांबीच्या दिशेने वरून खाली पुसा, आडवं घासू नका. बोळा काळा यायचा थांबेपर्यंत नवनवीन काड्या घ्या. एवढं करूनही पट्टी मंद दिसली तर पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने, मग पुन्हा अल्कोहोल. पॉलिश पेपर अजिबात नाही. सोन्याचा पातळ थर गेला की खालचं तांबं महिन्याभरात काळं पडतं.

सगळ्याच कॅसेटींना चौकोन-चौकोन कचरा दिसला तर दोष यंत्राच्या सॉकेटमध्ये. टॉर्चने आत बघा. दोन्ही रांगांत एखादी पिन इतरांपेक्षा मागे दबलेली दिसेल. यंत्र बंद करून शिवणाच्या सुईने ती केसभर पुढे ओढा. जास्त ओढली तर शेजारच्या पिनेला टेकते. एकाच कॅसेटला कचरा येत असेल, पट्ट्या स्वच्छ असतील आणि आत काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली चिप असेल, तर तिच्यावर वेळ घालवू नका. तो थेंब उघडून दुरुस्त होत नाही.

अशोकचौक_७
अक्का, शिसंकथील, दोघांचे आभार. मधली निगेटिव्हच निघाली. आउटपुट ५.०२. क्रिस्टल २६.६०. ट्यूबच्या टीव्हीवर रंगीत चित्र आलं. आता दोन अडचणी: दुसऱ्या रिमोटचं एकही बटण चालत नाही, आणि गन एलईडीवर काहीच करत नाही.

शिसंकथील
एकही बटण चालत नसेल तर वायर तुटलीय. एखादंच चालत नसतं तर बटणाखालचं रबर खराब. रिमोटमध्ये पाच तारा असतात: ५ व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. आतली चिप आठ बटणांची स्थिती एकामागून एक एकाच डेटा तारेवरून पाठवते, म्हणून पाचातली एक तुटली तरी सगळा रिमोट मुका. तुटते बहुतेक वेळा रिमोटच्या तोंडाशी, जिथे वायर वाकते. कव्हर उघडून प्रत्येक तार प्लगपर्यंत कंटिन्यूटीने तपासा आणि तपासताना तिथे वायर वाकवत राहा. दोष सापडला की तोंडापासून पाच सेंटिमीटर वायर कापून पुन्हा डाग मारा. रंगांवर विसंबू नका. चालू रिमोट उघडून त्याची मांडणी कागदावर उतरवून घ्या. सेगा या दुसऱ्या कंपनीच्या टीव्ही गेमचा रिमोट त्याच ९ पिनी प्लगमध्ये बसतो, पण पिनांचं काम वेगळं आहे, तो लावू नका.

पडदा_५७६
गन एलईडीवर चालणार नाही, ती बिघडलेली नाही. घोडा दाबला की गेम पडदा क्षणभर काळा करतो आणि निशाणाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. ट्यूबमध्ये किरण सेकंदाला सुमारे १५,६०० ओळी काढतो, त्या लयीचा उजेड गनमधला सेन्सर ओळखतो. एलईडीच्या उजेडात ती लय नाही, आणि चित्रही उशिरा येतं. ट्यूबवर ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वाढवा, समोरची खिडकी झाका.

रंगीतपट्ट्या
डीबी स्पेक्ट्रमबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून सविस्तर. हा १९८६ पासून परवान्याने आपल्याकडे विकलेला, ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम प्लस. सिंक्लेअरच्या ४८के (४८ किलोबाइट मेमरीच्या) स्पेक्ट्रमची बहुतेक माहिती याला लागू पडते. गेमच्या नकला लाखांनी आल्या, हा यंत्रप्रकार त्यामानाने कमी विकला गेला, तेव्हा घाईने वीज लावू नका.

अडॅप्टर ९ व्होल्ट, किमान १.४ अँपियर, मधली निगेटिव्ह. गेमसाठी घेतलेला १ अँपियरचा पुरणार नाही. यंत्राला चालू-बंदचं बटण नाही. पिन सॉकेटमध्ये घालून ठेवा आणि भिंतीच्या बटणाने चालू करा. पिन घालता-काढताना होणाऱ्या ठिणगीत आतला वीजपुरवठा जातो. मागच्या कडेला काही जोडलेलं असेल तर तेही यंत्र बंद असतानाच काढा.

उघडताना वरचा भाग झटक्यात उचलू नका. कीबोर्डच्या पडद्याच्या दोन पातळ पट्ट्या बोर्डाला जोडलेल्या आहेत. जुन्या झाल्यावर त्या कडक होऊन वाकवल्या की तडकतात. सरळ वर ओढून सोडवा. तडकल्याच तर नवा पडदा मागवताना ‘प्लस’चा मागवा, रबरी बटणांच्या स्पेक्ट्रमचा याला बसत नाही.

चालू केल्या केल्या खालच्या १६के मेमरीच्या आठ ४११६ चिपांवर व्होल्टेज मोजा. पाय १ वर उणे ५, पाय ८ वर १२, पाय ९ वर ५, पाय १६ ग्राउंड. प्रोब शेजारच्या पायाला घसरू देऊ नका. उणे ५ किंवा १२ गायब असेल तर त्याच क्षणी बंद करा. उणे ५ नसताना १२ मिळत राहिले तर या चिपा मरतात. संशयित पहिला: टीआर४, म्हणजे झेडटीएक्स ६५० ट्रान्झिस्टर, आणि त्याच्या शेजारची कॉइल. सगळं ठीक असेल तर पडदा काळा, मग पांढरा, आणि तळाशी १९८२ ची सिंक्लेअरची ओळ येते. नुसत्या उभ्या पट्ट्या राहिल्या तर मेमरीकडे बघा.

आरएफऐवजी सरळ व्हिडिओ काढणं सोपं आहे. मॉड्युलेटरच्या (व्हिडिओचं आरएफ करणाऱ्या) धातूच्या डबीत बाहेरून दोन तारा जातात, एक ५ व्होल्टची, एक व्हिडिओची. दोन्ही सोडवा, ५ व्होल्टच्या तारेचं टोक टेपने झाका. डबीच्या आत सॉकेटच्या मध्याला लागलेला रेझिस्टर सोडवा. मग व्हिडिओची तार १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून सॉकेटच्या मध्याला जोडा, पॉझिटिव्ह बाजू यंत्राकडे.

याचे गेम ऑडिओ टेपवरून चढवायचे असतात, ते फोनवरूनही चढवता येतात. टेपची फाइल वाजवणारं ॲप घ्या किंवा फाइल वेव्ह या आवाजाच्या फाइलीत बदला. फोन एअरप्लेन मोडवर, इक्वलायझर बंद, आवाज जवळजवळ पूर्ण, वायर मोनो, पिन ईअर सॉकेटमध्ये. स्पेक्ट्रमवर ‘जे’ दाबा, लोड येईल. सिंबल शिफ्ट धरून ‘पी’ दोनदा, मग एंटर. कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्ट्या, मग निळ्या-पिवळ्या बारीक पट्ट्या दिसल्या की डेटा जातोय. पट्ट्याच नसतील तर आवाज कमी. पट्ट्या असून टेप लोडिंग एरर आला तर आवाज फार मोठा किंवा स्टिरिओ वायरीतला एक चॅनल उलटा.

कॅसेटवाली_अक्का
गेम स्टिकचं राहिलं. मुलांना एलईडीवर फक्त खेळायचं असेल तर घ्यायला हरकत नाही. पण ती यातली एकही कॅसेट घेत नाही, गनही नाही, आणि मेमरी कार्ड खराब झालं की सगळंच जातं. घेतल्या दिवशी कार्डाची प्रत संगणकात काढून ठेवा. तुमचं यंत्र चालू झालंय, त्यावर उरलेला खर्च हीटसिंक आणि वायरीचा.

प्लास्टिक पिवळं पडलंय म्हणून ब्लीच लावू नका. पार्लरच्या सामानात १२ टक्क्यांचं, म्हणजे ४० व्हॉल्यूमचं क्रीम डेव्हलपर मिळतं. बोर्ड, लेबल आणि स्क्रू काढून क्रीम सारखं पसरा, वर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळा. सकाळी आठ ते दहाचं ऊन पुरे, दर वीस मिनिटांनी फिरवा. आपल्या दुपारच्या उन्हात क्रीम वाळतं, तिथे पांढरे ओघळ कायमचे राहतात आणि पातळ झाकणं वाकतात. हातमोजे घाला.

शिसंकथील
सुट्या भागांचं: ७८०५, कपॅसिटर, हीटसिंक कुठल्याही टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे मिळतील. ६० पिनी सॉकेट आणि झेडटीएक्ससारखे ट्रान्झिस्टर इथे शोधत फिरण्यापेक्षा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ किंवा हैदराबादला कोटीच्या गुजराती गल्लीत विचारा. सॉकेट घेताना पिनांमधलं अंतर २.५४ मिमी आहे का पाहा आणि एक कॅसेट सोबत न्या, तिथेच घालून बघा.